ट्रॅक्टरच्या ऑइल कूलरची गळती : ओळख, तपासणी व उपाय

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वापसा आला म्हणजे पेरणीसाठी मिळणारे दिवस मोजकेच असतात. ह्या दिवसांत ट्रॅक्टर आठवडाभर मिस्त्रीच्या दारात उभा राहिला तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. लांबलेल्या पेरणीचा परिणाम पुढे पिकाच्या उताऱ्यावर होतो. यंत्र ऐन वेळी अडते, परंतु त्याचा बिघाड बहुधा एका दिवसात झालेला नसतो. उभ्या ट्रॅक्टरखाली सकाळी दिसणारा तेलाचा डाग, रेडिएटरच्या जाळीवर चिकटलेली ओलसर धूळ, तेलकांडीवरील दुधाळ थर ही चिन्हे कित्येक दिवस अगोदरपासून सूचना देत असतात. ती वेळीच ओळखता आली तर एखादे वॉशर किंवा रबरी नळी बदलून काम भागते. ओळखता आली नाहीत तर गिअरपेटी उघडण्याची पाळी येते.

गिअर व हायड्रॉलिकचे तेल थंड करणाऱ्या भागास ऑइल कूलर असे म्हणतात. त्याची गळती कशी ओळखावी, दुसऱ्या गळतीपासून ती वेगळी कशी काढावी आणि कोणते काम गावात करावे व कोणते कार्यशाळेवर सोपवावे, ह्याची माहिती पुढे दिली आहे.

तेल थंड करण्याची गरज

ट्रॅक्टरच्या मागील बाजूस असलेल्या बिडाच्या पेटीत गिअर, डिफरन्शियल व हायड्रॉलिक लिफ्ट हे भाग असतात. तीन बिंदूंची जोडणी व हायड्रॉलिक लिफ्ट ही पद्धत हॅरी फर्ग्युसन ह्यांनी विकसित केली आणि १९३९ साली फोर्ड कारखान्याच्या ९एन ह्या ट्रॅक्टरामुळे तिचा मोठा प्रसार झाला. गिअरांना वंगण देणाऱ्या तेलानेच अवजार उचलण्याची व्यवस्था त्या ट्रॅक्टरात होती, आणि आजच्या पुष्कळशा ट्रॅक्टरांतही ती आहे. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर त्यांची उष्णताही हेच तेल वाहून नेते. इंजिनचे तेल मात्र ह्याहून निराळे असून त्याचा साठा स्वतंत्र असतो.

इतकी कामे करताना तेल तापते. गिअरांचे दाते ते सतत घुसळतात. पंपाने दाबलेले तेल अरुंद वाटेने किंवा दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हमधून परत येते, तेव्हा त्यातील शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते. भरलेली ट्रॉली ओढताना वारंवार लावावे लागणारे ब्रेक त्यात भर घालतात. तेल प्रमाणाबाहेर तापले की ते पातळ होते, दात्यांवरील त्याचा थर दुबळा होतो, ते लवकर खराब होते आणि ऑइल सील कडक होऊन त्यांना चिरा पडतात.

लहान ट्रॅक्टरांत बिडाची पेटीच बाहेरच्या हवेत उष्णता टाकते व तेवढ्यावर काम भागते. मोठ्या शक्तीच्या व हायड्रॉलिकचे काम अधिक असलेल्या ट्रॅक्टरांत स्वतंत्र कूलर बसविलेला असतो. म्हणून आपल्या ट्रॅक्टरास कूलर आहे किंवा नाही आणि असल्यास तो कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतून पाहून घ्यावे. पुढील सर्व तपासणी ह्या एका माहितीवर अवलंबून आहे.

कूलरचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात तेल हवेने थंड होते. बारीक नळ्या व त्यांवर पातळ पत्र्याच्या पाकळ्या अशी ह्याची रचना असते आणि तो बहुधा रेडिएटरच्या पुढे बसविलेला असतो. मागील पेटीतून निघालेली एक नळी गरम तेल पुढे आणते व दुसरी थंड झालेले तेल मागे नेते. ह्या नळ्या इंजिनच्या बाजूने जातात. जेथे हादरे सोसावे लागतात तेथे धातूच्या नळीस रबरी होज पाइप जोडलेला असतो.

दुसऱ्या प्रकारात तेल पाण्याने थंड होते. ह्यात तेलाची नळी किंवा पत्र्यांचा संच रेडिएटरच्या टाकीत अथवा पाणी फिरणाऱ्या स्वतंत्र डब्यात बसविलेला असतो. तेल व पाणी ह्यांच्यामध्ये फक्त धातूची पातळ भिंत असते.

हा फरक नीट ध्यानात ठेवला पाहिजे. हवेने थंड होणारा कूलर फुटला तर तेल बाहेर पडते. त्या कूलरातून तेलात रेडिएटरचे पाणी मिसळण्यास वाटच नाही. पाण्याने थंड होणारा कूलर आतून फुटला तर बाहेर एक थेंबही न दिसता तेल व पाणी परस्परांत मिसळू शकतात. तेल दुधाळ दिसताच कूलरला दोष देणारा माणूस पुष्कळदा हाच फरक विसरलेला असतो, आणि मग कारण नसताना नवा कूलर विकत घेतला जातो.

पडलेला थेंब कशाचा आहे?

गळतीचा तपास थेंबापासून सुरू करावा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून त्याखाली रात्रभर पांढरा कागद किंवा जाड पुठ्ठा पसरून ठेवावा. वाऱ्याने तो सरकू नये म्हणून कडांवर दगड ठेवावेत व पुढील चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलीने आखून घ्याव्यात. सकाळी डाग कोठे पडला व कसा आहे ते पाहावे.

गिअर व हायड्रॉलिकचे तेल : नवे असताना मधाच्या रंगाचे, वापरानंतर तपकिरी. बोटांस बुळबुळीत लागते. कागदावरील डाग वाळत नाही.

इंजिनचे तेल : डिझेल इंजिनात थोड्याच तासांच्या कामानंतर काजळीमुळे काळे पडते. बोटे काळी होतात.

रेडिएटरचे पाणी : त्यात कुलंट मिसळलेले असल्यास हिरवट, निळसर किंवा गुलाबी दिसते. वाळल्यावर रंगाचा किंवा पांढरट क्षाराचा डाग राहतो.

डिझेल : पातळ असते, कागदावर लवकर पसरते व वासावरून सहज ओळखता येते.

स्वच्छ पाणी : वातानुकूलित केबिन असलेल्या ट्रॅक्टरातून किंवा मोटारीतून पडणारे रंगहीन, वासहीन पाणी हे हवेतील बाष्पाचे असते. तो बिघाड नव्हे.

रंगावर सर्वस्वी विसंबून राहू नये, कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या तेलांचे व कुलंटचे रंग वेगळे असतात. उत्तम रीत अशी, की एकाच टिपकागदावर सापडलेल्या तेलाचा एक थेंब, गिअरपेटीच्या कांडीवरील एक थेंब व इंजिनच्या कांडीवरील एक थेंब असे शेजारी शेजारी टाकावेत. पंधरा-वीस मिनिटांत तिन्ही डाग पसरतात आणि सापडलेला थेंब कोणाशी जुळतो ते स्पष्ट होते. कोणताही द्रव चाखून पाहू नये.

बाहेरील गळतीचा उगम शोधणे

डाग जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. तेल नळीच्या पोटावरून वाहत जाते व सखल जागी आल्यावर थेंब होऊन पडते. चालू इंजिनचा पंखा समोरची हवा आत ओढतो. त्यामुळे पुढे असलेल्या कूलरातून झिरपणारे तेल मागे रेडिएटरवर व इंजिनवर उडते. म्हणून उगम शोधताना नेहमी वर व पुढे पाहावे. ओल्या झालेल्या भागांपैकी सर्वांत वरची व सर्वांत पुढची जागा हीच बहुधा गळतीची जागा असते.

तपासणी पुढील क्रमाने करावी :

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून अवजार जमिनीवर टेकवावे, हातब्रेक लावावा, चाकांना दगडांचा आधार द्यावा, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी व यंत्र थंड होऊ द्यावे.

२. कूलर, दोन्ही नळ्या व त्यांचे सांधे ब्रशने स्वच्छ करून साबणाच्या पाण्याने धुवावेत. पाकळ्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. त्या वाकतात व हवेची वाट बंद होते. नंतर सर्व भाग कोरडे करावेत.

३. प्रत्येक सांध्यावर, होज पाइपच्या दोन्ही टोकांवर आणि कूलरच्या कडांवर खडूची बारीक भुकटी भुरभुरावी.

४. इंजिन सुरू करून पंधरा ते वीस मिनिटे चालू ठेवावे व ह्या अवधीत लिफ्ट अनेक वेळा वर-खाली करावी. त्यामुळे तेल गरम होऊन सर्व नळ्यांतून फिरते.

५. अवजार खाली टेकवून इंजिन बंद करावे. नंतर भुकटी कोठे ओली व काळपट झाली आहे ते विजेरीच्या उजेडात पाहावे.

६. काहीही न दिसल्यास पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवावा. काही गळत्या तेल गरम व पातळ असताना होतात, तर काही रबर थंड होऊन आकसल्यावर होतात; म्हणून दोन्ही वेळा पाहणे आवश्यक आहे.

विशेष पाहण्याच्या जागा पाच आहेत : कूलरच्या तोंडावरील नट व वॉशर; होज पाइपची टोके व क्लिपा; नळी जेथे पट्टीने आवळलेली किंवा दुसऱ्या भागास घासत असते ती जागा; कूलरच्या नळ्या व बाजूची टाकी ह्यांमधील डाकाचा सांधा; आणि दगडाच्या माराने चेपलेल्या पाकळ्या.

एक लक्षण पुष्कळदा नजरेतून सुटते. कूलरातून अगदी थोडे तेल झिरपत असेल तर ते जमिनीपर्यंत पोहोचत नाही. रेडिएटरच्या जाळीवर त्याचा पातळ थर बसतो, त्यावर धूळ, भुसा व उसाच्या पाचटाचे तुकडे चिकटतात आणि हवेची वाट बुजते. अशा वेळी शेतकऱ्याची तक्रार ‘इंजिन तापते’ अशी असते. तेलाचा उल्लेखही होत नाही. जाळी वरचेवर साफ करूनही एकाच ठिकाणी चिकट, ओलसर धूळ पुन्हा जमत असेल, तर त्या जागेच्या समोर असलेला कूलर अवश्य तपासावा.

आतील गळती व दुधाळ तेल

पाण्याने थंड होणाऱ्या कूलरात भिंतीस छिद्र पडले तर मिश्रण कोणत्या दिशेने होईल हे दाबावर ठरते. इंजिन चालू असताना कूलरमधील तेलाचा दाब सामान्यतः पाण्याच्या दाबाहून अधिक असतो, म्हणून तेल पाण्यात शिरते. इंजिन बंद केले की तेलाचा दाब लगेच नाहीसा होतो. परंतु तापलेल्या रेडिएटरमधील पाण्यावर झाकणामुळे काही काळ दाब टिकून राहतो व पाणी तेलात शिरते. त्यामुळे ह्या गळतीची चिन्हे दोन्ही बाजूंस दिसू शकतात : रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग किंवा तपकिरी साय, आणि गिअरपेटीच्या कांडीवर ताकासारखे दुधाळ, फेसाळ तेल.

तेलात पाणी असल्याची खात्री दोन साध्या रीतींनी करता येते. पहिली रीत अशी, की काचेच्या स्वच्छ बाटलीत तेल घेऊन ते रात्रभर स्थिर ठेवावे. सुटे पाणी तळाशी बसते. पाणी तेलात पूर्ण घोटले गेले असेल तर ते खाली बसत नाही, परंतु तेल गढूळच राहते. दुसरी रीत म्हणजे लोखंडी पत्रा तापवून तो आगीपासून बाजूला घ्यावा व त्यावर तेलाचा फक्त एक थेंब टाकावा. तेलात पाणी असेल तर तडतड आवाज होतो. शुद्ध तेल शांतपणे पसरते. ही परीक्षा करताना चेहरा दूर ठेवावा व जवळ तेलाचा डबा ठेवू नये.

पाणी आहे हे ठरल्यावर ते कोठून आले हे ठरवावे लागते. भाताच्या खाचरात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरात सील झिजलेले असल्यास बाहेरचे पाणी पेटीत शिरते. उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरात गिअरच्या दांड्याभोवतालच्या फाटक्या रबरातून पावसाचे पाणी उतरते. धुताना हवेच्या नळीच्या तोंडावर फवारा मारला तरी तेच होते. पुढील तीन प्रश्न क्रमाने विचारल्यास बहुतेक वेळा उलगडा होतो.

पहिला प्रश्न, कूलर पाण्याच्या संपर्कातील आहे काय? नसल्यास दुधाळ तेलाचे कारण बाहेरून आलेले पाणी हेच धरून सील, रबर, झाकण व हवेची नळी तपासावी.

दुसरा प्रश्न, रेडिएटरचे पाणी कमी होते काय? ते कमी होत नसेल व त्यात तवंगही नसेल, तर कूलरवर संशय घेण्यास आधार फारसा राहत नाही. रोज भर घालावी लागत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल, तर संशय बळकट होतो.

तिसरा प्रश्न, रेडिएटरमध्ये तवंग असल्यास कोणते तेल कमी होत आहे? गिअरपेटीचे तेल कमी होत असेल तर गिअरच्या तेलाचा कूलर पाहावा. इंजिनचे तेल कमी होत असेल तर इंजिनचा स्वतःचा ऑइल कूलर किंवा सिलिंडर हेडचे पॅकिंग ह्यांकडे वळावे.

ह्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून नेली तर मिस्त्रीस तपासास निश्चित दिशा मिळते व विनाकारण पेटी उघडली जात नाही.

दुधाळ झालेल्या तेलावर काम चालू ठेवणे अत्यंत हानिकारक आहे. पाण्यामुळे बेअरिंगांवर व दात्यांवर गंज चढतो, त्यांच्या पृष्ठभागास खड्डे पडतात आणि तेलात बुडालेल्या ब्रेकच्या तबकड्यांचे अस्तर खराब होते. रेडिएटरमध्ये शिरलेल्या तेलाने रबरी नळ्या फुगून मऊ होतात.

स्वयंचलित गिअरची मोटार

गावातील काही कुटुंबांकडे आता स्वयंचलित गिअरच्या मोटारी आल्या आहेत. त्यांपैकी अनेकांत गिअरचे तेल रेडिएटरच्या टाकीत बसविलेल्या कूलरातून फिरते व तेथपर्यंत दोन बारीक नळ्या जातात. हाताने गिअर बदलण्याच्या सामान्य मोटारीत असा कूलर नसतो. तेथे त्याचा शोध घेण्याचे कारण नाही.

ह्या तेलाचा रंग बहुधा लाल असतो व वापराने तपकिरी होतो. मोटारीच्या पुढील भागाखाली लालसर तेलाचा डाग दिसल्यास कूलर व त्याच्या नळ्यांचे सांधे पाहावेत. तेल कमी झाल्याची चिन्हे अशी : गिअर घातल्यावर गाडी हलण्यास विलंब लागतो, इंजिनचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाही, किंवा गिअर बदलताना धक्का बसतो. तेल गुलाबी व फेसाळ झाले असल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. अशी गाडी चालवीत कार्यशाळेत नेऊ नये. दोराने ओढल्यासही गिअरच्या भागांना इजा होऊ शकते. ती वाहनावर चढवून नेणे श्रेयस्कर. काही मोटारींना ह्या तेलाची कांडी नसते, त्यांची पातळी कार्यशाळेतच पाहावी लागते.

एका थेंबाचा हिशेब

थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण येथे उलट्या अर्थाने खरी ठरते. सुमारे २० थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर दर १० सेकंदांस एक थेंब ह्या गतीने तासास १८ मिलिलिटर तेल जाते. रोज ८ तास काम झाल्यास दिवसाला १४४ मिलिलिटर व २५ दिवसांच्या हंगामात ३ लिटर ६०० मिलिलिटर तेल जमिनीत मुरते. दर सेकंदास एक थेंब पडत असेल तर एका दिवसातच जवळजवळ दीड लिटर तेल नाहीसे होते.

तेलाची किंमत हा ह्यातील लहान खर्च होय. पातळी खाली गेल्यावर पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो. त्याचा आवाज बदलतो, लिफ्ट धक्के देत उचलते व भरलेले अवजार तोलून धरीत नाही. अशा स्थितीत काम रेटल्यास पंप व बेअरिंगे निकामी होतात. म्हणून हंगामात रोज सकाळी तेलाची पातळी पाहावी. ट्रॅक्टर सपाट जागी असावा, लिफ्टचे हात खाली असावेत व इंजिन बंद असावे. एरवी कांडी चुकीची पातळी दाखविते.

गळतीची कारणे व प्रतिबंध

हादऱ्यांनी कूलरचे बोल्ट सैल होतात आणि तो हलू लागल्यामुळे सांध्यांवर ताण येतो. ह्यासाठी बोल्ट व त्यांखालील रबरी गाद्या वेळोवेळी तपासाव्यात. नळी पत्र्यास घासत असेल तर तेथे रबराचा तुकडा घालून पट्टी आवळावी.

खत व औषधांच्या फवाऱ्याचे अंश धातूस खातात. फवारणीनंतर व खत टाकल्यानंतर पुढील भाग साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवावा.

विहिरीचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये भरल्यास आत खपली धरते, उष्णता बाहेर पडत नाही व धातूही झिजतो. पुस्तिकेत सांगितलेले कुलंट योग्य प्रमाणात शुद्ध पाण्यात मिसळून वापरावे.

थंडीच्या दिवसांत तेल दाट असते. इंजिन सुरू करताच जोराने लिफ्ट चालविल्यास नळ्यांवर अधिक दाब येतो. थोडा वेळ इंजिन मंद गतीने चालवून मग कामास लागावे.

दुरुस्ती

सांध्यातून गळती असल्यास नट बेताने आवळून पाहावा. त्या वेळी दुसऱ्या पान्याने कूलरच्या तोंडावरील षट्कोनी भाग धरून ठेवावा. तसे न केल्यास पिळ बसून नळी तुटते. आवळूनही गळती राहिली तर अधिक जोर न लावता वॉशर किंवा रबरी रिंग बदलावी. होज पाइप फुगला, चिरला किंवा कडक झाला असल्यास त्याच मापाचा व तेलास टिकणारा नवा पाइप बसवावा. पाण्याचा साधा रबरी पाइप येथे चालत नाही. तेलाने तो थोड्याच दिवसांत मऊ पडतो.

कूलरलाच छिद्र असेल तर तो काढून, एक तोंड बंद करून, दुसऱ्या तोंडातून पंपाने हलक्या दाबाची हवा भरावी व पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत. तांबे-पितळेचा कूलर कुशल कारागिराकडून डाक लावून दुरुस्त होऊ शकतो. ॲल्युमिनियमच्या कूलरची दुरुस्ती अवघड असते, तो बदलणे बहुधा सोयीचे ठरते. चिकट लांबी लावून छिद्र बुजविणे हा ट्रॅक्टर घरापर्यंत आणण्यापुरता उपाय आहे.

तेल व पाणी मिसळले असल्यास केवळ कूलर बदलून भागत नाही. गिअरपेटीतील सर्व तेल काढून आतील भाग स्वच्छ करावा, फिल्टर बदलावा, रेडिएटरही धुऊन घ्यावा आणि मग पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचेच नवे तेल भरावे. हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे. काम झाल्यावर लिफ्ट काही वेळा वर-खाली करून पातळी पुन्हा पाहावी, कारण रिकाम्या नळ्या भरल्यावर ती खाली जाते.

जिवाची व जमिनीची काळजी

चालू यंत्रात गळती शोधण्यासाठी नळीवरून हात फिरविण्याची सवय धोक्याची आहे. लिफ्टच्या नळ्यांत दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १५० ते २०० किलोग्रॅम इतका दाब असू शकतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. वरून केवळ एक लाल ठिपका दिसतो व वेदनाही प्रथम कमी असतात. पण आतील मांस सडून हात किंवा बोट गमवावे लागते. असे घडल्यास घरगुती उपाय न करता जखमीस त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि दाबाखालचे तेल शरीरात गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती पाहण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा काठीस बांधून वापरावा.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील पाणी १०० अंश सेल्सियसच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण काढताच ते उसळून चेहरा व हात भाजतात. चालू पंख्याजवळ उपरण्याचे किंवा पदराचे टोक जाऊ देऊ नये.

अनेक कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य असते. ते गोड लागते, पण विषारी आहे. अंगणात सांडलेले असे पाणी कुत्री, वासरे किंवा लहान मुले चाखण्याचा संभव असतो. सांडलेल्या जागेवर माती टाकून ती भरून काढावी व शिल्लक कुलंट झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हातास लागणार नाही असे ठेवावे. काढलेले जुने तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. ते घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे पोहोचवावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी, शक्यतो अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, गावातील ट्रॅक्टरमालक व चालक ह्यांना एकत्र बोलावून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. त्यासाठी लागणारे साहित्य, म्हणजे पुठ्ठा, टिपकागद, खडूची भुकटी, काचेची बाटली व विजेरी, प्रत्येक गावात उपलब्ध असते. तीन थेंबांची परीक्षा प्रथम दाखवावी. ती पाहणाऱ्याच्या मनावर चांगली ठसते. चालकांना अवश्य बोलवावे, कारण थेंब प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडतो.

अवजारे बँकेतील ट्रॅक्टर अनेक चालकांच्या हातून जातो व प्रत्येकास वाटते की पातळी दुसऱ्याने पाहिली असेल. तेथे एक वही ठेवून दिनांक, तासमापकावरील आकडा, गिअरच्या तेलाची पातळी, रेडिएटरची पातळी, भर घातल्यास तिचे माप व चालकाची सही असे रकाने आखावेत. आठवड्यातून एकदा वही चाळली तरी गळती आहे किंवा नाही व ती वाढत आहे काय, हे कळून येते.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. ट्रॅक्टरास कूलर आहे काय व तो हवेचा की पाण्याचा, हे प्रथम जाणून घ्यावे.
२. थेंब ओळखण्यासाठी कांडीवरील तेलाशी तुलना करावी.
३. गळतीचा उगम डागाच्या वर व पुढे शोधावा.
४. दुधाळ तेलाचे कारण ठरविण्यापूर्वी रेडिएटरची पातळी पाहावी.
५. तेलात पाणी दिसताच काम थांबवावे.
६. चालू यंत्राच्या नळीस गळती शोधण्यासाठी कधीही हात लावू नये.
७. रोज सकाळी पातळी पाहावी व ती वहीत लिहावी.